चिखलदऱ्याची सहल आणि गाविलगड

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण सुमारे 1,100 मीटर उंचीवर असल्याने, आणि भीमकुंड, देवी पॉइंट व कॉफीचे मळे एका मुक्कामात पाहून होत असल्याने, वऱ्हाडातील कुटुंबे पावसाळ्यात तिकडे वळतात. मात्र शेजारचा गाविलगड बहुधा घाईत उरकला जातो, हे खटकणारे आहे. बहमनी काळातील हा गिरिदुर्ग, म्हणजे डोंगरी किल्ला, डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला आणि लगेच देवगावचा तह झाला. दरवाजावरील गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, मुलांना हमखास आवडतो. अकोटकडून निघणाऱ्यांना अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा कोरीव महाकाली दरवाजा अधिक सोयीचा पडतो.