नर सिद्ध होतो, मादी गृहीत धरली जाते

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरात एका महाविद्यालयाने रोनाल्डो नावाचा ब्राझिलियन रेनबो बोआ जातीचा साप पाळला आहे. तो नर आहे असे एका पशुवैद्याने पूर्वी सांगितले होते आणि किमान नऊ वर्षे दुसऱ्या कोणत्याही सापाशी त्याची गाठ पडलेली नव्हती. जून २०२४ मध्ये या रोनाल्डोने १४ पिल्ले दिली. जगभर चर्चा झाली ती नराविना झालेल्या जन्माची. त्यापेक्षा साधा पण जास्त अडचणीचा प्रश्न मागेच राहिला. वर्षानुवर्षे माणसांच्या हाताखालून गेलेल्या, तपासलेल्या जनावराचे लिंग चुकतेच कसे? पशुवैद्याला दोष देऊन हा प्रश्न मिटत नाही. सापाचे शरीर या बाबतीत पुरावा देते तोच एकतर्फी. नर असल्याची खात्री करून घेता येते. मादी मात्र बहुतेक वेळा ‘नराची खूण सापडली नाही’ एवढ्याच आधारावर ठरवली जाते.

याचे मूळ शरीररचनेत आहे. सापाला बाहेर दिसणारे जननांग नसते. पोटाकडच्या बाजूला, जिथे धड संपून शेपटी सुरू होते तिथे एक आडवी फट असते. विष्ठा, अंडी, मीलन या सगळ्यांचे दार तेच. नराची जननांगे दोन असतात. एरवी ती मोज्यासारखी आतल्या बाजूला उलटलेली असतात आणि त्या फटीपासून शेपटीच्या टोकाकडे, शेपटीच्या आतच बसवलेली असतात. मीलनाच्या वेळी त्यांतले एक बाहेर येते. मादीच्या शेपटीत त्या जागी एवढ्या खोल पिशव्या नसतात, मात्र उग्र वास सोडणाऱ्या ग्रंथी नर-मादी दोघांनाही असतात. म्हणजे नर आणि मादी यांतला सगळा फरक शेपटीच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये, कातडीखाली दडलेला.

तो पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. प्रोबिंगमध्ये बोथट टोकाची बारीक पोलादी सळई वंगण लावून त्या फटीतून शेपटीच्या दिशेने हलकेच सरकवतात आणि ती किती खवल्यांपर्यंत गेली ते मोजतात. साधारण हिशेब असा की, दोन ते सहा खवल्यांवर अडली तर मादी, आठच्या पुढे गेली तर नर. पॉपिंग ही पद्धत नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांसाठी. शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने बेताने दाब दिला की नराची जननांगे बाहेर उलटतात. दोन्ही पद्धतींना आपण ‘तपासणी’ म्हणतो, पण पुरावा म्हणून त्यांची किंमत सारखी नाही. पॉपिंगमध्ये जननांग डोळ्यांना दिसले तर विषय संपला, तो नर. दिसले नाही तर? पिल्लू मादी असेल, किंवा नर असून त्याने स्नायू आवळून धरले असतील, किंवा दाब देणारा हात नवखा असेल. प्रोबिंगमध्ये तर प्रत्यक्ष काही दिसतच नाही, मोजली जाते फक्त खोली. आकसलेल्या नरात सळई लवकर अडते आणि काही जातींच्या माद्यांमध्ये ती अपेक्षेपेक्षा खोल जाते. नर आणि मादीचे आकडे प्रत्येक जातीत वेगळे असतात आणि काही जातींत ते एकमेकांत मिसळतात. जोर लावला तर आतले अस्तर फाटते आणि ‘नर’ असे खोटे उत्तर मिळते. शिवाय जखम होते ती वेगळीच.

इथे कोणी विचारेल, नर जर सिद्ध करता येतो तर रोनाल्डो नर कसा ठरला? आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की, नर सिद्ध होतो तो जननांग प्रत्यक्ष पाहिल्यावर. सळईच्या खोलीवरून किंवा शेपटीच्या जाडीवरून काढलेले ‘नर’ हेही अनुमानच. अनुमानाला पुराव्याचा मान दिला की तो साप पुढची सारी वर्षे कागदोपत्री नर राहतो, कारण एकदा ठरलेले लिंग पुन्हा कोण तपासतो?

दुसरा आक्षेप अनुभवी हातांचा. सापांत मुरलेली माणसे सांगतात की शेपटी पाहूनच कळते: नराची लांब, मुळाशी फुगीर आणि हळूहळू निमुळती, मादीची आखूड, फटीनंतर एकदम बारीक होणारी. हे खरे आहे. नरांच्या शेपटीखालचे खवलेही सरासरीने जास्त भरतात. पण सरासरी दोन गटांची असते, समोर साप एकच असतो. अजगर आणि बोआंमध्ये फटीच्या दोन्ही बाजूंना नखासारखे काटे असतात, ते पूर्वजांच्या मागच्या पायांचे अवशेष. नरात ते सहसा मोठे असतात, मादीतही असतात, आणि पाळीव सापांत ते झिजतात किंवा तुटतात. आकाराचा भरवसा तर सर्वांत कमी. अजगर, अ‍ॅनाकोंडा यांच्या माद्या नरांहून मोठ्या. पण ज्या जातींत नर एकमेकांशी झुंजतात तिथे नर मोठा निघण्याकडे कल असतो. आपली धामण त्यांतलीच. बांधावर एकमेकांना वेटाळून, अर्धे अंग उभारून डोलणारे दोन साप दिसले की गावोगाव त्याला नाग-धामणीचे किंवा नर-मादीचे मीलन समजतात. ती बहुधा दोन नर धामणींची झुंज असते. दोन साप म्हणजे जोडपेच, हे आपण पाहण्याआधीच ठरवलेले असते.

असे गृहीत धरण्याबद्दल सामान्य माणसालाच हसायचे कारण नाही. प्राणिशास्त्रानेही मादी सापाचे वर्णन दीर्घकाळ ‘नराकडे आहे ते नसलेली’ असेच केले. मादीच्या शेपटीतही जोडीचे क्लिटोरिस असते हे नऊ जातींच्या विच्छेदनातून नीट दाखवून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो २०२२ मध्ये. त्याआधी त्या अवयवाची गणना कधी वासाच्या ग्रंथींत, कधी खुरटलेल्या नरांगात होत असे. तो इतका लहान आणि आत असतो की पाळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पण मादीची स्वतःची खूण कोणी शोधलीच नव्हती, एवढे त्यातून कळते.

आता डीएनए आहे की, मग वाद कशाला? हा आक्षेप सर्वांत वजनदार. शिवाय या विद्येत भारताचा वाटा मोठा आहे. बनारसमध्ये सापांच्या गुणसूत्रांवर काम सुरू केलेल्या लालजी सिंह यांनी पुढे पट्टेरी मण्याराच्या मादीच्या लिंगगुणसूत्रातून वेगळ्या काढलेल्या डीएनएचा माग घेतला, आणि त्याच धाग्यावरून हैदराबादला डीएनए फिंगरप्रिंटिंगचे भारतीय तंत्र उभे राहिले. नाग, मण्यार, घोणस, धामण यांच्या कुळांत मादीची दोन लिंगगुणसूत्रे परस्परांहून बरीच वेगळी झालेली आहेत, त्यामुळे मादीची स्वतःची खूण तिथे खरोखर सापडते. अडचण बोआ आणि अजगरांची, म्हणजे लोक हौसेने पाळतात त्यांचीच. सगळ्या सापांत पक्ष्यांसारखीच मादी लिंग ठरवते असे मानले जाई. २०१७ मध्ये एक बोआ आणि एक अजगर यांत माणसासारखी एक्स-वाय पद्धत असल्याचे दिसले. ही गुणसूत्रे एकमेकांसारखीच दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी जातवार वेगळ्या खुणा शोधाव्या लागतात. गंमत अशी की पैदास करणाऱ्यांना याचा सुगावा लागलेला होता. बॉल पायथन या पाळीव अजगराच्या ‘बनाना’ या पिवळसर प्रकारात काही नरांची बनाना पिल्ले बहुतेक माद्या निघत, काहींची बहुतेक नर. तो रंग बापाला त्याच्या आईकडून मिळाला की बापाकडून, यावर ते अवलंबून असे. आईकडे वाय गुणसूत्र नसते, या हिशेबाने नराविना जन्मलेली बोआची पिल्ले माद्याच असायला हवीत. तपासणी तेव्हा कातेच्या तुकड्यावरूनही होऊ शकते, पण त्या जातीसाठी चाचणी पारखलेली आहे का, हे प्रयोगशाळेला विचारल्याशिवाय तिचे उत्तर सळईच्या उत्तराहून पक्के मानू नये.

शेवटी, हे कळून करायचे काय? ज्याला पैदास करायची नाही त्याने हा खटाटोप टाळला तर बिघडत नाही, असे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. नराशिवायही मादी अंडी धरते आणि ती आत अडकली तर जीव जाऊ शकतो. ‘नर’ म्हणून नोंदलेल्या सापाचे पोट फुगले तर अंड्यांची शंका शेवटी येते. नर विणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे खात नाहीत, तेव्हा तो आजार समजून उगाच औषधपाणी होते. आपल्याकडे देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे विदेशी साप ज्यांच्याकडे आहेत त्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. अशा मालकाने घरी सळई हातात घेऊ नये. सापांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे, वयात आलेल्या सापाची सोनोग्राफी करता येते का ते विचारावे, कारण बीजकोश दिसले तर मादीपणाचा तो थेट पुरावा असतो. आणि काहीच ठामपणे दिसले नाही, तर सापाच्या कागदावर लिंगापुढे ‘अनिश्चित’ असे लिहून घ्यावे, सोबत तपासणी कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या तारखेला झाली तेही.