'कन्व्हिव्हिअल' : एका विशेषणाचे कुळ

'कन्व्हिव्हिअल' हे इंग्रजी विशेषण वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना मधूनमधून भेटते, आणि ते 'आनंदी' एवढाच अर्थ वहीत टिपून मोकळे होतात. हा अर्थ चुकीचा नव्हे, पण अपुरा आहे. त्यावर विसंबून 'परीक्षेत पहिला आल्यामुळे राम कन्व्हिव्हिअल झाला' असे वाक्य कुणी रचले, तर इंग्रजी जाणणारा वाचक बुचकळ्यात पडेल. राम एकटाच आनंदला आहे. कन्व्हिव्हिअल होण्यास सोबत लागते, आणि बहुधा पुढ्यात काही खाण्यापिण्याचेही लागते.

शब्दाचे कुळ पाहिले म्हणजे ह्याचे कारण ध्यानी येते. लॅटिनमध्ये 'कॉन' म्हणजे सह आणि 'व्हिव्हेरे' म्हणजे जगणे. त्यांपासून 'कॉन्व्हिव्हिअम' हे नाम झाले आणि मेजवानीस रूढ झाले. ह्यातील 'व्हिव्ह' आपणांस परका नाही. संस्कृतातील 'जीव्' धातू आणि तो, ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये होत. 'सर्व्हाइव्ह', 'रिव्हाइव्ह', 'व्हिव्हिड' ह्या शब्दांतही आपलाच जीव नांदत आहे.

मेजवानीला 'सहजीवन' का म्हणावे, ह्याचा विचार खुद्द रोमन लोकांनी केला होता. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ च्या सुमारास वार्धक्यावर एक संवाद लिहिला. त्यात वृद्ध केटोच्या मुखाने तो सांगतो, की ग्रीक लोक अशा प्रसंगास सहपान किंवा सहभोजन अशा अर्थाची नावे देतात. म्हणजे त्यातील जे सर्वांत गौण, त्यालाच ते सर्वाधिक मोल देतात. आमच्या पूर्वजांनी त्यास सहजीवन म्हटले हेच अधिक योग्य, कारण मित्रांचा सहवास आणि संभाषण हेच त्यातील खरे सुख. ग्रीकांचा तो सहपानवाचक शब्द पुढे 'सिम्पोझिअम' ह्या रूपाने इंग्रजीत आला आणि आज विद्वानांच्या परिसंवादास लावला जातो. पिणे त्यातून गळून पडले, निदान शब्दापुरते तरी!

आपल्याकडेही ह्या जोडीचे शब्द फार जुने आहेत. रुद्रापाठोपाठ म्हटल्या जाणाऱ्या चमकात 'सग्धि' आणि 'सपीति' ह्यांची याचना आहे. सग्धि म्हणजे एकत्र भोजन, सपीति म्हणजे एकत्र पान. अन्नाची मागणी केल्यावरही ऋषीला ते एकट्याने खाणे पुरेसे वाटले नाही.

आता उपयोगाविषयी. हे विशेषण माणसास लागते, तसेच संध्याकाळीस, बैठकीस, वातावरणासही लागते. पत्रास किंवा हस्तांदोलनास मात्र ते लावू नये. तेथे 'कॉर्डिअल' हवे. त्याच्या मुळाशी हृदय आहे, म्हणून 'हार्दिक' हा त्याचा नेमका प्रतिशब्द. 'ग्रिगेरिअस'च्या मुळाशी कळप आहे. त्यास घोळक्याची ओढ पुरते, पंगतीची गरज नाही. एक सावधगिरीची सूचनाही देऊन ठेवतो. कन्व्हिव्हिअल ह्या शब्दाला पेल्यांचा थोडा वास येतो. नोकरीच्या अर्जात स्वतःस हे विशेषण लावणाऱ्याविषयी वाचणाऱ्याच्या मनात भलतीच शंका येण्याचा संभव आहे.

त्यास मराठीत 'पंगतीचा' म्हणावे काय? मोह होतो, पण आपली पंगत पिढ्यान्‌पिढ्या जातीनुसार मांडली गेली, हे विसरता येत नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. जातिबंधने झुगारून एकत्र जेवण्याचा तिचा परिपाठ होता, आणि तो गुप्तपणे पाळावा लागे. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीस जाऊन सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. भीत भीत, लपून झालेल्या त्या जेवणांना इंग्रज मनुष्य कन्व्हिव्हिअल म्हणेल, असे मला वाटत नाही. शब्दात जो मोकळेपणा गृहीत आहे तो तेथे नव्हता. परंतु 'एकत्र जगणे' हा मूळ लॅटिन अर्थ एखाद्या थाटाच्या मेजवानीपेक्षा त्या जेवणांनाच अधिक साजतो. तेथे पानात काय वाढले होते ते गौण. कोण कोणाशेजारी बसले, हेच सर्वस्व होते.

ह्या विशेषणास सर्वत्र चालेल असा एकच मराठी प्रतिशब्द मला सापडलेला नाही. 'मनमिळाऊ' हा स्वभाव झाला, आणि तो एकांतातही राहतो. वातावरणाविषयी बोलताना 'खेळीमेळीचे' हा शब्द सर्वांत जवळचा. माणसाविषयी 'चारचौघांत रमणारा' किंवा 'बैठक रंगविणारा' म्हणावे. यजमानास 'अगत्यशील' म्हटले तर अर्धा अर्थ हाती लागतो, कारण अगत्य करणारा स्वतः पंगतीत बसेलच असे नाही; कन्व्हिव्हिअल यजमान पाहुण्यांबरोबर जेवतो आणि गप्पाही मारतो. आमच्या कोकणीत ज्यास 'गजाली' म्हणतात, त्या त्याला येतात, असे म्हटले तरी चालेल.

स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त इंग्रजीत लिहिण्याचे काम तुमच्यापैकी कुणाकडे आले, तर बक्षीससमारंभास हे विशेषण लावू नका. त्यानंतर अल्पोपहाराच्या वेळी बाकांवर जो गलबला होतो, त्यास ते खुशाल लावा.