विश्लेषण : प्रतिविष देऊनही मण्यारचा रुग्ण व्हेंटिलेटरवर का राहतो? उत्तर पेशीच्या आवरणात...

पावसाळा सुरू झाला की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. त्यात मण्यारच्या दंशाचा रुग्ण असेल तर एक प्रश्न हमखास विचारला जातो. प्रतिविषाच्या कुप्या वेळेत दिल्या, रक्तातील विष निष्प्रभ झाले, तरी रुग्णाचा श्वास यंत्रावर का चालतो? डॉक्टर हयगय करतात किंवा औषध नकली आहे, असा समज होण्याआधी आपल्या पेशींभोवतीचे मेदाचे पातळ आवरण समजून घ्यायला हवे. कारण सापाचे विष घाव घालते ते याच आवरणावर.

पेशीचे आवरण कशाचे बनलेले असते?

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असते. ते मुख्यतः फॉस्फोलिपिड या मेदाच्या रेणूंचे बनते. अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असलेले लेसिथिन याच जातीचे. या रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी मानवते, शेपट्यांना मानवत नाही. त्यामुळे पाण्यात हे रेणू आपोआप दोन थरांत लागतात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मध्ये एकमेकींकडे. नेदरलँड्समधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा करून पाण्यावर पसरवला, तेव्हा तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापतो असे त्यांना आढळले. आवरण दोन थरांचे असल्याची ती पहिली खूण होती.

या आवरणाची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी सुमारे २० हजार आवरणे मावतील. ते घट्टही नसते. रेणू त्यात तेलासारखे सरकत राहतात आणि प्रथिने त्यात तरंगत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेले हे चित्र आजही मूलतः मान्य आहे.

मग ही केवळ भिंत नाही का?

नाही. भिंत हे तिचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम निरोपाचे. मेबल आणि लोवेल होकिन या शास्त्रज्ञ दाम्पत्याने १९५३ मध्ये कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर ॲसिटिलकोलिन हे संदेशरसायन टाकले. पाचकरस स्रवला, हे अपेक्षितच होते. पण त्याच वेळी आवरणातील काही फॉस्फोलिपिडांची उलाढाल झपाट्याने वाढली. भिंतीच्या विटा निरोप येताच हलू का लागतात, याचा उलगडा व्हायला पुढची ३० वर्षे गेली.

उत्तर असे : बाहेरून संदेश आला की पेशीच्या आतले एक विकर, म्हणजे एन्झाइम, आवरणाच्या आतल्या थरातील एका विशिष्ट मेदरेणूचे दोन तुकडे करते. एक तुकडा आवरणातच राहून जवळच्या प्रथिनांना जागे करतो. दुसरा, आयपी-३ नावाचा, पेशीच्या आत पोहत जातो आणि कॅल्शियमची कोठारे उघडतो. मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे पेशीचा निरोप आवरणातच साठवलेला असतो. योग्य कात्रीने, योग्य जागी, योग्य वेळी कापला की तो निघतो.

सापाचा याच्याशी काय संबंध?

अशीच आणखी एक कात्री म्हणजे फॉस्फोलिपेज ए-२. ती फॉस्फोलिपिडच्या दोन शेपट्यांपैकी मधल्या जागेवरची एकच शेपटी कापते. आपल्या शरीरात तिची अनेक रूपे आहेत. स्वादुपिंडातील रूप अन्नातील लेसिथिन पचवते. अश्रूंमधील रूप काही जिवाणूंची आवरणे फाडून डोळ्यांचे रक्षण करते. पेशीच्या आतले, वेगळ्या घडणीचे रूप ॲरॅकिडॉनिक आम्ल सुटे करते. त्यापासून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात आणि ताप, सूज, वेदना जाणवतात. ॲस्पिरिन काम करते ते या साखळीतल्या पुढच्या कडीवर. जॉन वेन यांनी १९७१ मध्ये ते दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. दम्यासाठी दिले जाणारे मॉन्टेलुकास्टही याच आम्लापासून बनणाऱ्या दुसऱ्या एका संदेशाचा मार्ग अडवते.

सापांच्या विषात याच घराण्यातील कात्र्या आहेत. नाग आणि मण्यार यांच्या विषातील रूप आपल्या स्वादुपिंडातील रूपाशी मिळतेजुळते आहे, तर घोणस आणि फुरसे यांच्या गटाचे रूप अश्रूंतील रूपाशी. अन्न पचवण्याचे आणि जंतू मारण्याचे हत्यार उत्क्रांतीत शिकारीचे हत्यार झाले. फरक लगामाचा आहे. आपले शरीर ही कात्री मोजून, ठरल्या जागी वापरते. विषातली कात्री हा हिशेब पाळत नाही. शिवाय विकर कामात खर्ची पडत नाही. एकच रेणू एकामागून एक फॉस्फोलिपिड कापत राहतो.

एक शेपटी तुटली तर एवढे काय बिघडते?

दोन गोष्टी घडतात. सुटलेली शेपटी दाहाच्या संदेशांचा कच्चा माल ठरते. आणि एका शेपटीचा उरलेला रेणू साबणासारखा वागू लागतो. तेलकट कढईवर साबण जे करतो, तेच तो मेदाच्या आवरणावर करतो. असे रेणू भरपूर झाले की आवरणाला भोके पडतात आणि पेशी फुटते. शिवाय दोन शेपट्यांचा रेणू साधारण नळीसारखा असतो, म्हणून आवरण सपाट राहते. एका शेपटीचा रेणू पाचरीसारखा, डोक्याकडे रुंद आणि खाली निमुळता. अशा पाचरी जिथे गोळा होतात, तिथे आवरण वाकते.

मण्यारच्या दंशात नेमके काय होते?

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून येतो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिनने भरलेल्या सूक्ष्म थैल्या असतात. हुकूम येताच थैली टोकाच्या आवरणाला चिकटते, उघडते, रसायन स्नायूवर पडते आणि स्नायू आकुंचन पावतो. त्यानंतर आवरणाचा तेवढा भाग पुन्हा आत ओढून नवी थैली बनते. श्वासाचा प्रत्येक हेलकावा या फेऱ्यावर चालतो.

मण्यारच्या विषातील एक घटक ही कात्री घेऊन नेमका याच टोकाशी जातो. इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये एक सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. अशा सर्पविषांऐवजी त्यांनी कात्रीमुळे तयार होणारे दोन तुकडे, म्हणजे एका शेपटीचा रेणू आणि सुटे मेदाम्ल, यांचे मिश्रण मज्जातंतूंवर वापरले. परिणाम विषासारखाच झाला. त्यांचे स्पष्टीकरण आकाराशी जोडलेले आहे. पाचरीसारखे रेणू बाहेरच्या थरात राहतात, मेदाम्ल आतल्या थरात उतरते. आवरणाला असा बाक येतो की थैल्या चिकटून उघडणे सोपे होते, पण नवी थैली तुटून आत येणे अवघड होते. साठा रिता होतो, भरपाई होत नाही. टोक सुजते, त्यात कॅल्शियम शिरते आणि ते निकामी होते. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

इतर विषारी सापांचे काय?

भारतात गंभीर दंशांसाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप प्रामुख्याने जबाबदार धरले जातात. नागाचे मज्जाविष प्रामुख्याने पलीकडच्या बाजूला, स्नायूवरील ग्राहकाला कुलूप लावते. तंतूचे टोक शाबूत असते. म्हणून प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन दिल्यास नागाच्या रुग्णात अनेकदा सुधारणा दिसते, मण्यारच्या रुग्णात सहसा नाही. नागाच्या विषातील दुसरी काही प्रथिने कात्रीच्या जोडीने पेशीपटले फोडतात, म्हणून दंशाच्या जागी मांस सडते.

घोणसच्या दंशात रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. इथेही आवरणाचा संबंध आहे. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद एरवी आतल्या थरात लपलेला असतो. जखम झाली की रक्तबिंबिका तो बाहेर काढतात आणि त्या पृष्ठभागावर गोठण्याची क्रिया वेग घेते. घोणसचे विष ही क्रिया भलत्या वेळी सुरू करून देते. गोठवणारे घटक संपतात आणि मग रक्त गोठतच नाही. म्हणूनच स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवण्याची साधी चाचणी ग्रामीण रुग्णालयातही केली जाते. २० मिनिटांनी रक्त पातळच राहिले, तर विषबाधा समजून प्रतिविष सुरू होते.

प्रतिविष काय करू शकते आणि काय नाही?

घोड्यांना विषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून प्रतिविष बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे या कामातील नाव जुने आहे. हे प्रतिपिंड रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतात. पण कापली गेलेली शेपटी ते जोडू शकत नाहीत, की सुजलेले तंतूचे टोक दुरुस्त करू शकत नाहीत. कात्री काढून घेता येते, कापलेले कापड शिवता येत नाही. म्हणून प्रतिविषाचा खरा उपयोग टोके निकामी होण्याआधीच्या तासांत असतो.

यात दिलासाही आहे. मज्जातंतू मरत नाही, फक्त त्याचे टोक जाते आणि ते पुन्हा वाढते. त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तेवढा काळ श्वास यंत्राने चालू ठेवला, तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. व्हेंटिलेटर हे इथे उपचार फसल्याचे लक्षण नसून शरीराला दुरुस्तीसाठी मिळवून दिलेला वेळ आहे.

कात्री रोखणारी गोळी येईल का?

प्रयत्न सुरू आहेत. व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध मुळात दाह आणि हृदयविकारासाठी तपासले गेले. तिथे ते यशस्वी झाले नाही. मात्र अनेक सापांच्या विषातील फॉस्फोलिपेज ए-२ ते प्रयोगशाळेत प्रभावीपणे रोखते, असे दिसल्यावर सर्पदंशासाठी त्याची भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली. त्यात नेहमीच्या उपचारांना गोळीची जोड दिली होती. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही. लवकर औषध मिळालेल्यांत फायद्याचे संकेत दिसले. सर्पदंशावरील उपचार म्हणून ते अद्याप मंजूर नाही. विषात इतरही घटक असल्याने अशी गोळी प्रतिविषाची जागा घेणार नाही. पण रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ ती मिळवून देऊ शकेल, ही आशा आहे.

तोवर वेळ कसा वाचवायचा?

एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांपैकी निम्मे जून ते सप्टेंबरमधले. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले आहे.

मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश अनेकदा दुखत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखणे, उलटी, पापण्या मिटणे, बोलताना जीभ जड होणे ही लक्षणे दिसली तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून थांबू नये. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे, हा साधा बचाव आहे.

दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे टाळावे. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये. ॲरॅकिडॉनिक आम्लापासूनच रक्तबिंबिकांना एकत्र आणणारा संदेशही बनतो. ही औषधे तो थांबवतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. त्या तासात ५ नॅनोमीटरच्या आवरणावर कात्री चालतच असते.