यूव्ही रेझिनचा धंदा: मशीन घेण्याआधी उजेडाचा हा एक नियम समजून घ्या



दातांच्या डॉक्टरांकडे कधी दात भरून घेतलाय? डॉक्टर खड्ड्यात मऊ मसाला भरतात, त्यावर निळी लाईट धरतात आणि काही सेकंदांत तो मसाला कडक होतो. पार्लरमधलं जेल नेलपॉलिश, गाडीच्या पुढच्या काचेवरचा टवका भरणं, थ्रीडी प्रिंटरवर निघणारा अंगठीचा नमुना, या सगळ्यांत काम तेच. उजेड पडला की घट्ट होणारं रेझिन.

"सर, यात धंदा आहे का?" आहे. भांडवलही फार लागत नाही. पण किट किंवा प्रिंटर मागवण्याआधी एक नियम डोक्यात पक्का बसवा: जिथे उजेड पोहोचतो, तिथेच रेझिन पक्कं होतं. कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं, पैसे कुठे बुडतात, हे सगळं या एका वाक्यातून कळतं.

आत नक्की काय होतं?

बाटलीतल्या रेझिनमध्ये छोटे छोटे रेणू सुटे फिरत असतात. त्यात उजेड ओळखणारं एक रसायन थोडंसं मिसळलेलं असतं, त्याला फोटोइनिशिएटर म्हणतात. योग्य उजेड पडला की ते तुटतं आणि सुटे रेणू एकमेकांचे हात धरायला लागतात. साखळ्या तयार होतात, साखळ्यांची जाळी होते आणि द्रवाचं घन होतं. म्हणजे रंगासारखं हे "वाळत" नाही. पंख्याखाली ठेवून काही उपयोग नाही.

आणि उजेड कुठलाही चालत नाही. दातांच्या मसाल्याला साधारण ४७० नॅनोमीटरचा निळा उजेड लागतो, टेबलावरच्या बहुतेक रेझिन प्रिंटरांत ४०५ नॅनोमीटरचा असतो आणि बऱ्याच यूव्ही ग्लूंना ३६५ चा लागतो. रेझिन एका जागेहून आणि लाईट दुसरीकडून स्वस्तात आणली, जोडी जुळली नाही, तर माल चिकटच राहणार.

कल्पना आली कुठून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये चक हल नावाचे इंजिनिअर यूव्ही दिव्यांच्या एका कंपनीत कामाला होते. तिथे या दिव्यांनी टेबलांवरचे कोटिंग कडक करत. हल यांनी विचार केला, एक थर कडक होतो तर थरावर थर चढवून अख्खी वस्तू का नाही? १९८३ मध्ये त्यांनी पहिली वस्तू बनवली, १९८४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९८६ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स कंपनी सुरू झाली. दिवा समोर होताच, त्यांनी त्याला नवीन काम शोधून दिलं. आपल्यालाही तेच करायचंय.

काम पहिलं: गाडीच्या काचेची दुरुस्ती

गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर. दगड उडाला की बहुतेक वेळा बाहेरच्याच काचेला टवका जातो. त्यात अडकलेली हवा पंपाने ओढून काढायची, दाबाने रेझिन आत सोडायचं, वरून पारदर्शक फिल्म ठेवून यूव्ही लाईट मारायची आणि उरलेलं रेझिन ब्लेडने खरवडायचं.

आता नियम लावून बघा. लाईट बाहेरूनच मारायची, कारण मधला प्लास्टिकचा थर यूव्ही अडवतो. भर उन्हात काम करायचं नाही, कारण उन्हातही यूव्ही असतं आणि रेझिन फटीच्या टोकापर्यंत जाण्याआधीच घट्ट होतं. गाडी सावलीत घ्या.

सोडायची कामंही लिहून ठेवा. काचेच्या कडेपर्यंत गेलेली चीर, आतल्या काचेपर्यंत गेलेला तडा आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोरचा टवका. दुरुस्तीनंतर खूण फिकी होते, पूर्ण जात नाही. हे ग्राहकाला काम सुरू करण्याआधी सांगा, नंतर नाही. बाजूच्या खिडकीची टफन काच फुटली की चुरा होतो, तिथे हे कामच नाही.

काम दुसरं: सराफांसाठी नमुने

सोन्या-चांदीचं कास्टिंग करताना आधी मेणाचा नमुना लागतो. आता हा नमुना कॉम्प्युटरवर डिझाइन करून कास्टिंग रेझिनमध्ये प्रिंट करतात. त्याभोवती प्लास्टर ओततात, भट्टीत नमुना जळून जातो आणि त्या पोकळीत धातू ओततात. मुंबईचा झवेरी बाजार असो की कोल्हापूरजवळचं हुपरी, जिथे कारागीर आहेत तिथे ही सेवा विकता येते.

इथे नवशिके कुठे फसतात? प्रिंटरमधून निघालेला नमुना पक्का झालेला नसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा, पूर्ण सुकवायचा आणि मग सगळ्या बाजूंनी पुन्हा लाईट द्यायची. खाचेत ओलं रेझिन राहिलं की प्लास्टर बिघडतं आणि दागिना खडबडीत निघतो. नुकसान सराफाचं होतं, पण पुढची ऑर्डर तुमची जाते.

हात सांभाळा

ओलं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती बहुधा कायमची. मग हा धंदाच सोडावा लागतो. नायट्राइल ग्लोव्हज, चष्मा आणि खेळती हवा, यात काटकसर नको. स्वयंपाकघरात प्रिंटर ठेवू नका. उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका, पसरट भांड्यात उन्हात ठेवून पूर्ण कडक करा आणि मगच टाका. साध्या रेझिनचे कप-ताटल्या विकू नका.

हिशोब

आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून धरलेत. समजा किट ₹१५,००० चं. एका काचेचे ₹६०० घेतले. रेझिन, प्रवास, जाहिरात मिळून ₹२०० गेले, उरले ₹४००. म्हणजे ३८ काचा केल्यावर किट वसूल.

आता दहापैकी एका ग्राहकाचं काम फसलं आणि पैसे परत दिले. दहा कामांचे ₹४,००० उरायचे, त्यातून ₹६०० गेले, राहिले ₹३,४००. म्हणजे एका कामामागे ₹३४०. आता किट वसूल व्हायला ४५ काचा लागतील, आणि यात तुमची मजुरी धरलेलीच नाही. चुकीचं काम "नाही" म्हणून सोडणं हीसुद्धा कमाईच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या भागातल्या पाच गॅरेजवाल्यांना किंवा पाच कारागिरांना भेटा. विकायला जाऊ नका, विचारायला जा: महिन्याला अशी किती कामं येतात आणि आज ती कुठे जातात?
२. भंगारातून तडा गेलेली पुढची काच आणा आणि तिच्यावर किमान वीस टवके भरून बघा. पहिला ग्राहक त्यानंतर.
३. "हे काम मी घेणार नाही" अशी यादी कागदावर लिहून भिंतीवर लावा.

तिन्ही झालं की मगच पाकिटाला हात घाला. पाच जणांना भेटून काय कळलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.