लाल दिवा आणि सरकवलेलं कपाट : घरच्या राउटरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणपतीला आठ दिवस उरले होते. रायगड जिल्ह्यातल्या कासू गावी आमच्या घरी रंगकाम निघालं, भिंतीपासून ओढलेलं लोखंडी कपाट काम संपल्यावर परत भिंतीला टेकवलं आणि त्याच संध्याकाळी नेट गेलं. मी कंपनीला फोन लावून ऐकवलं, "तुमचा राउटर बिघडलाय, बदलून द्या." तिसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. राउटरला त्याने हातही लावला नाही. टॉर्च मारून कपाटामागे डोकावला आणि म्हणाला, "काका, कपाट कोणी सरकवलं?" कपाट चार बोटं पुढे घेतलं, मागे दुमडून चेपलेली बारीक वायर सरळ केली, आणि राउटरच्या डब्यावरचा लाल दिवा विझून हिरवा लागला.

ती वायर म्हणजे फायबर. आतली काचेची तार जाडीला साधारण 125 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाएवढी. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. वायर हळुवार वळवली तर प्रकाशही वळतो. काटकोनात दुमडली तर तो काचेबाहेर सांडतो. बिघाड माझ्या कपाटाचा होता आणि तीन दिवस शिव्या खाल्ल्या राउटरने.

पेणपासून रोह्यापर्यंत घरोघरी हेच चालतं. नेटच्या साखळीत डोळ्यांना दिसणारी, दिवे लागणारी वस्तू एकच, म्हणून सगळा दोष तिच्या माथी. त्यातले नेहमी कानावर येणारे समज एकेक करून पाहू.

गैरसमज : राउटर म्हणजेच इंटरनेट. वायफाय दिसतंय म्हणजे नेट आहे.

वस्तुस्थिती : घरातल्या नेटचे दोन तुकडे असतात. कंपनीकडून डब्यापर्यंत येतो तो प्रकाशाचा रस्ता, आणि डब्यापासून मोबाईलपर्यंत रेडिओलहरींचा. मोबाईलवर दिसणाऱ्या वायफायच्या काड्या फक्त दुसऱ्या रस्त्याची हालहवाल सांगतात. महामार्गावर जेसीबीने केबल तोडली, तरी घरात काड्या भरलेल्याच दिसणार, कारण मोबाईल आणि डबा यांचं आपसातलं बोलणं ठीक चाललेलं असतं. गावाबाहेरचा पूल वाहून गेला तरी गल्लीतला रस्ता मोकळाच असतो, तसं.

पहिला रस्ता पाहायचा असेल तर डब्यावरचे दिवे बघा. बहुतेक डब्यांवर 'पॉन' नावाचा दिवा असतो. तो हिरवा आणि स्थिर असेल तर प्रकाश येतोय. 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाश येत नाही. हे नाव 'लॉस ऑफ सिग्नल'चं लघुरूप आहे. लाल दिवा असताना राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. वायर कुठे दुमडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, ते बघा आणि तक्रार नोंदवा. एक मात्र करू नका : फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण असतो.

गैरसमज : पाऊस आला की वायफाय जातं, कारण लहरी पाण्यात अडकतात.

वस्तुस्थिती : हा समज टीव्हीच्या छत्रीवरून आला असावा. मुसळधार पावसात छत्रीवरचं चित्र जातं हे खरं आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या त्या लहरी 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि एवढ्या उंच वारंवारितेला पावसाचे थेंब चांगलेच अडवतात. घरच्या वायफायच्या लहरी 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या. त्यांच्यावर पावसाचा परिणाम नगण्य असतो, शिवाय घरातल्या घरात पाऊस पडतो कुठे?

मग आषाढात नेट जातं कसं? पावसामुळेच, पण वेगळ्या वाटांनी. वीज जाते. खांबावरच्या जोडपेटीत पाणी शिरतं. वाऱ्याने फांदी तुटून केबलवर पडते. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा खांब आणि तारा आडव्या झाल्या आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत अनेक दिवस दिवे नव्हते. राउटर जागच्या जागी शाबूत होते.

इथे एक पोटभेद ध्यानात ठेवावा. काही मोबाईल टॉवर एकमेकांना फायबरने न जोडता गोल डिशने जोडलेले असतात. त्या डिशच्या लहरी उंच वारंवारितेच्या, म्हणून धो धो पावसात त्या रोडावतात. त्यामुळे मोबाईलचं नेट मंदावलं तर पावसाला दोष द्यायला जागा आहे. फायबरवरच्या वायफायच्या बाबतीत नाही.

गैरसमज : फायबर घेतलं, आता विजेच्या कडकडाटाची भीती नाही.

वस्तुस्थिती : अर्धं खरं. काच वीज वाहत नाही, त्यामुळे फायबरच्या तारेतून दणका येत नाही. पण राउटरला भिंतीतून येणारा वीजपुरवठा आहेच, त्या वाटेने दणका येतो. काही ठिकाणी खांबापर्यंत फायबर आणि तिथून घरात तांब्याची वायर, अशी जोडणी असते. तिथे दुसरी वाट उघडी राहते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा जास्त. ढग गडगडायला लागले की अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा, तांब्याची वायर असेल तर तीही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण विजेच्या लोळाला बटणातली तेवढीशी फट सहज ओलांडता येते.

गैरसमज : काड्या कमी दिसतात, म्हणजे राउटर हलक्या प्रतीचा आहे.

वस्तुस्थिती : आधी घर बघा, मग राउटर. कासूसारख्या गावात कौलारू घर आणि स्लॅबचा नवा बंगला शेजारी शेजारी उभे असतात. एकच राउटर दोन्ही घरांत ठेवला तर दोन वेगळे अनुभव येतील. कौलं आणि लाकडी माळा यांतून लहरी बऱ्यापैकी पार होतात. सळयांचं जाळं भरलेला काँक्रीटचा स्लॅब त्यांना बराच अडवतो. जाड भिंत अडवते आणि तीच पावसाळ्यात ओल धरून बसली की जास्त अडवते. लोखंडी कपाट, भाताची पत्र्याची कोठी, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे तर लहरींचे उघड वैरी.

आणि आपण राउटर ठेवतो कुठे? वायर जिथून घरात शिरली तिथेच, म्हणजे ओटीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, नाहीतर धूळ बसू नये म्हणून शोकेसच्या आत. अर्धे तरंग अंगणातल्या पेरूच्या झाडाला, उरलेले टीव्हीच्या पाठीला. घराच्या साधारण मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवला तर तोच डबा बदलल्यासारखा वागतो. बसवायला आलेल्या मुलाला आठ-दहा मीटर जास्त वायर ओढायला सांगणं हा नवा राउटर घेण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

गैरसमज : 5 गिगाहर्ट्झवालं नाव म्हणजे फाइव्ह-जी. तेच कायम जोडावं.

वस्तुस्थिती : दोहोंचा काही संबंध नाही. फाइव्ह-जी म्हणजे मोबाईल सेवेची पाचवी पिढी. आपल्या देशात ती 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. राउटरच्या नावापुढचा पाच हा वारंवारितेचा आकडा. 2.4 ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, भिंतीतून जास्त पोचते, पण तिचा वेग कमी. 5 ची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची, वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. राउटर ज्या खोलीत आहे तिथे 5 जोडा, मागच्या पडवीत बसलात तर 2.4.

गाव आणि शहर यांतला फरकही इथेच आहे. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मानतात : 1, 6 आणि 11. पनवेल-कामोठ्याच्या इमारतीत वीस घरांचे राउटर त्या तिघींवर गर्दी करतात, म्हणून तिथे 2.4 रडत चालतं. कासूला शेजारचं घर अंगणापलीकडे, तिथे गर्दी हा प्रश्नच नाही. तेव्हा ठाण्यातल्या भाच्याने सांगितलेला उपाय गावच्या घराला लागू पडेलच असं नाही.

गैरसमज : शंभरचा प्लॅन घेतला, पण डाउनलोड बाराच्या वर जात नाही. म्हणजे कंपनी फसवते.

वस्तुस्थिती : बारा दिसत असेल तर बहुधा तुम्हाला पूर्ण शंभर मिळतायत. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल उतरताना दिसणारा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. शेर आणि पायलीचं माप एक समजण्यासारखं आहे हे.

वेग खरोखर मोजायचा असेल तर लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून मोजा. वायरवर पूर्ण वेग आणि माडीवर चतुर्थांश, तर दोष भिंतींचा. वायरवरही कमी, तर तक्रार कंपनीकडे. या एका चाचणीने निम्मे वाद मिटतात.

गैरसमज : गणपतीत पाहुणे आले की राउटर 'हँग' होतो.

वस्तुस्थिती : मुंबईहून चार कुटुंबं आली की घरात वीस-बावीस मोबाईल होतात. डबा दमत नाही, हवा वाटली जाते. वायफायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. भजनात एकाची बारी चालू असताना दुसरा बुवा गप्प बसतो, तसंच. त्यात मागीलदारी अर्ध्या काडीवर रेटून व्हिडिओ बघणारा एखादा जुना मोबाईल सगळ्यांना नडतो. त्याचं गाणं संथ, म्हणून त्याची बारी लांबते आणि ओटीवरचा नवा मोबाईलही ताटकळतो. मोठा प्लॅन घेऊन हे सुटत नाही. टीव्ही वायरने जोडा आणि जवळच्यांना 5 वर पाठवा. आरतीच्या वेळी थेट प्रक्षेपण करायचं असेल तर पोरांचे गेम तेवढा वेळ थांबवा.

गैरसमज : बूस्टर लावला की काम फत्ते.

वस्तुस्थिती : बूस्टर नवं नेट तयार करत नाही, ऐकलेलं पुन्हा सांगतो. जिथे रेंजच नाही तिथे तो लावला तर त्यालाच काही ऐकू येत नाही, मग सांगणार काय? तो अर्ध्या वाटेवर हवा. साधा, स्वस्त बूस्टर ऐकणं आणि सांगणं एकाच वाहिनीवर करतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. माडीवर खात्रीचं नेट हवं तर वायर वर नेऊन तिथे दुसरा राउटर बसवणं उत्तम. आणि अँटेना जास्त म्हणजे पल्ला जास्त, हेही खरं नाही. त्यांचा उपयोग मुख्यतः वेगासाठी. उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने कमी जातात. वरच्या मजल्यासाठी एखादी अँटेना आडवी करून बघायला पैसे पडत नाहीत.

गैरसमज : रीसेट आणि रीस्टार्ट एकच.

वस्तुस्थिती : रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं, सगळं जसंच्या तसं राहतं. रीसेट म्हणजे पाठीमागच्या भोकात टाचणी खुपसून डबा कारखान्यातून आला तसा कोरा करणं. तुम्ही ठेवलेलं नाव आणि पासवर्ड जातोच, कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते. मग नेट सुरू करायला माणूसच यावा लागतो. टाचणी देवघरातच राहू दे.

गैरसमज : रात्री राउटर चालू ठेवला तर आजार होतात, वीजबिलही फुगतं.

वस्तुस्थिती : बिलाचा हिशेब सोपा आहे. राउटर साधारण 10 वॅट खातो. दिवसरात्र चालला तरी चोवीस तासांत पाव युनिट, महिन्याला सातेक युनिट. 75 वॅटचा पंखा एका रात्रीत आठ तासांत 0.6 युनिट खातो.

आजाराचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली रेडिओलहरींना '2 ब' गटात टाकलं. ही बातमी अर्धवट फिरते. त्या गटाचा अर्थ 'शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित' असा आहे, आणि पूर्व आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांत नसते. राउटरचं प्रक्षेपण साधारण वॅटचा दहावा भाग, आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. रात्री बंद ठेवायचा तर मुलांनी झोपावं म्हणून ठेवा. ते कारण पक्कं आहे.

आणि तक्रार करताना

राउटर कधीच बिघडत नाही असं नाही. अडॅप्टर जळतो, उन्हाळ्यात डबा तापतो, खाडीकडच्या दमट हवेत पिना गंजतात. पण फोन लावण्याआधी तीन गोष्टी बघून ठेवा : कोणता दिवा लाल आहे, वायरवर वेग किती येतो, आणि नेट एकाच खोलीत जातं की सगळ्या घरात. "नेट चालत नाही" याऐवजी "लॉसचा दिवा कालपासून लाल आहे" असं सांगितलंत, तर येणारा माणूस जोडणीचं सामान घेऊनच निघेल. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवा. दाद लागली नाही तर प्रत्येक कंपनीला नेमावा लागणारा अपील अधिकारी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

आमच्याकडे आता रंगकाम निघालं की आधी कपाटामागे हात घालून वायर मोकळी करतात, मग कपाट हलतं.