चाकांवरचं घर, मापातला संसार

ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉरच्या पठारावर दिवस उजाडला की चहाच्या आधी पट्टी वाचायची असते. मोटरहोमच्या दाराशेजारी भिंतीवर ही पट्टी बसवलेली असते: काही बटणं आणि बारीक दिव्यांची एक ओळ. एका बटणाने स्वच्छ पाण्याची टाकी किती भरली आहे ते कळतं, दुसऱ्याने सांडपाण्याची, तिसऱ्याने बॅटरीची. मित्रांपैकी जो आधी उठेल तो मोठ्याने सांगतो, ‘पाणी निम्मं!’ आणि दिवसाचा बेत तिथेच ठरतो. आज आंघोळीला सुट्टी, भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवायची, तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात जपून ठेवायचं. घरी नळ सोडून दात घासणारी आम्ही माणसं इथे पेल्यावर आलो.

या काटकसरीमागे जमिनीचं कारण आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेदूनापासून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्समनपर्यंत एअर हायवे सुमारे 1,200 किलोमीटर धावतो. त्याच्या उत्तरेला पसरलेलं पठार चुनखडीचं, सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचं. पडलेला पाऊस भेगांमधून खाली गुहांत उतरतो, त्यामुळे वर नदी नाही, ओढा नाही. वाटेत लागतात ती रोडहाउसं, म्हणजे पंप, खाणावळ आणि मुक्काम एकाच आवारात. पाण्याची टंचाई त्यांनाही असते, तेव्हा डिझेल भरलं म्हणून कुणी टाकीही भरून देईल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

1841 साली एडवर्ड जॉन एअर हा इंग्रज प्रवासी या पठाराच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे गेला. वाळूच्या टेकड्यांत कुठे खणलं की पाणी लागतं, हे त्याला इथल्या आदिवासींनी दाखवलं. अखेरच्या टप्प्यात त्याच्या सोबतीला वायली हा आदिवासी तरुण होता. 1912 मध्ये फ्रान्सिस बर्टल्स आणि सिड फर्ग्युसन यांनी पश्चिम किनाऱ्यावरून सिडनीपर्यंत मोटार नेली, तेव्हा इथे रस्ता असा नव्हताच. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला आणि संपूर्ण डांबरी व्हायला 1976 साल उजाडलं.

आता यंत्राकडे वळू. मोटरहोम म्हणजे मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. ऑस्ट्रेलियात साध्या कारच्या परवान्यावर साडेचार टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं, म्हणून भाड्याच्या बहुतेक गाड्या या मापात बसवलेल्या असतात. त्यात माणसं, डिझेल, सामान सगळं आलं. शंभर लिटर पाणी भरलं की गाडी शंभर किलोंनी जड होते. वीज दोन प्रकारची. दिवे आणि पाण्याचा पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि ती बॅटरी गाडी धावताना भरत जाते. मायक्रोवेव्ह आणि एसी मात्र बाहेरच्या 240 व्होल्टच्या खांबाला वायर जोडल्यावरच. मिक्सरही त्यातच आला. त्यामुळे चटणी वाटायची ती खांब असलेल्या मुक्कामी, आणि रानातल्या मुक्कामी मुगाची खिचडी.

आमच्या गाडीतला फ्रिज गॅसवरही चालायचा. ज्योतीने अमोनियाचं द्रावण तापतं, वाफ वर चढते, थंड होते आणि द्रव उताराने खाली येताना आतली उष्णता शोषून घेतो. यात पंप नाही, सगळी मदार उतारावर. गाडी तिरकी उभी राहिली तर द्रव अडकतो आणि दूध नासतं. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम एकच: ओट्यावर पेलाभर पाणी ठेवून गाडीचा तोल बघायचा आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लास्टिकच्या पाचरी सरकवायच्या.

आमचा सगळ्यात गजबजलेला दिवस सीमा ओलांडायचा. पश्चिम ऑस्ट्रेलियात ताजी फळं, भाज्या आणि मध नेता येत नाही, कारण त्यांच्यासोबत कीड आणि रोग जातात आणि तिथली शेती धोक्यात येते. शिजवलेल्या भाजीला हरकत नसते. म्हणून आदल्या रात्री आमच्यासोबतच्या मेलबर्नच्या वहिनींनी फ्रिज रिकामा करायला घेतला. बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार, उरलेला सगळा कढीपत्ता फोडणीत. ‘भाऊजी, सफरचंदं आत्ताच संपवा,’ असा हुकूम सुटला. सकाळी नलारबॉर रोडहाउस सोडलं आणि बुंडा कड्यांवर थांबून खाली आदळणारा दक्षिणेचा समुद्र पाहिला. सुमारे 185 किलोमीटरवर बॉर्डर व्हिलेज आलं. तपासनिसाने फ्रिज आणि कपाटं उघडून पाहिली, गरम मसाल्याच्या डब्याचा वास घेतला आणि हसून जायला सांगितलं. पुढे युक्लाच्या परिसरात घड्याळं पाऊण तास मागे घेतली. या चिमुकल्या पट्ट्याची वेळ दोन्ही राज्यांच्या मधली आहे.

युक्लाच्या घाटातून उतरलं की माडुरापर्यंत सपाट मैदान. समोरून दोन-दोन ट्रेलर ओढणारी रोड ट्रेन येते तेव्हा आधी तिने सारलेला वारा गाडीवर आदळतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं आणि वेग कमी ठेवायचा. मध्येच रस्त्यावर पांढरे जाड पट्टे लागतात. तिथे फ्लाइंग डॉक्टरांचं विमान थेट महामार्गावर उतरू शकतं. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचाच.

मुक्कामावर कामं वाटलेली होती: एकाकडे गॅस, एकाकडे वायर आणि पाचरी, एकाकडे स्वयंपाक. संडासाची कॅसेट मात्र पाळीपाळीने. सुटकेसएवढी, चाकं लावलेली ही टाकी बाहेरच्या झडपेतून ओढायची, डम्प पॉइंटवर रिकामी करायची, धुवायची आणि औषध टाकून पुन्हा बसवायची. हे काम सगळ्यांनी केलं म्हणूनच बाकीचा प्रवास सुखाचा झाला, असं मला मनापासून वाटतं. आपण किती पाणी वापरतो, किती घाण करतो, हे शहरातल्या घरात भिंतीआड राहतं. मोटरहोममध्ये ते रोज हाताशी येतं आणि मित्र एकमेकांना त्यातूनच नीट ओळखतात.

ऑस्ट्रेलियात निवृत्तीनंतर महिनोन्महिने असं फिरणाऱ्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. त्यांचा हा संसार चालतो तो अनेक छोट्या गावांनी डम्प पॉइंट, पिण्याचा नळ आणि रात्री थांबायची जागा ठेवल्यामुळे. प्रवासी त्याच गावात डिझेल आणि किराणा घेतात, सोय करणाऱ्या गावाच्या पदरात चार पैसे पडतात. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचा मला आनंद आहे. कोकणच्या किनाऱ्यासाठी आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यासाठी हे वाहन फार गुणाचं आहे. पण गाड्या येण्याआधी तालुक्यातालुक्यात मैला रिकामा करायची बंदिस्त सोय आणि पाण्याचा नळ हवा. ती जबाबदारी ग्रामपंचायती आणि पर्यटन खात्याने मिळून उचलली, तर चार मित्रांना आपल्याच मुलखात असं हिंडता येईल आणि मागे राहणाऱ्या गावाला त्यांचा त्रास होणार नाही.