वणव्यानंतरचा पाऊस

फेब्रुवारी उलटला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडच्या डोंगरांवर रात्री आगीच्या रेषा दिसू लागतात. वणवा विझला की विषय संपला, असं आपण धरून चालतो. उतारासाठी मात्र खरा धोका तिथून पुढे सुरू होतो.

जळालेली माती पाणी का पीत नाही?

गवत आणि पालापाचोळा पावसाच्या थेंबांचा मार झेलतात, पाणी अडवतात. ते जळाले की थेंब थेट उघड्या मातीवर आपटतात. आग तीव्र असेल तर आणखी एक गोष्ट घडते. वनस्पतींमधल्या मेणचट द्रव्यांची वाफ होते, ती मातीत थोडी खाली उतरते आणि थंड होऊन कणांना चिकटते. मग पाणी मुरत नाही, उतारावरून पळत सुटतं. वाटेत माती, राख आणि दगड उचलत ते घळीत शिरतं आणि त्याचा दाट लोंढा होतो.

माँटेसिटोची रात्र

कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७ मध्ये ‘थॉमस’ नावाचा वणवा पेटला. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे जळालेल्या डोंगरांवर पाच मिनिटांत सुमारे १४ मिलिमीटर पाऊस कोसळला. माँटेसिटो गावात मोटारीएवढे धोंडे घेऊन लोंढे घुसले आणि २३ माणसं गेली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे शास्त्रज्ञ अशा उतारांवरच्या लोंढ्यांचा अंदाज आधीच मांडतात. चढ किती, आग किती तीव्र होती, माती कोणती आणि पंधरा मिनिटांत पाऊस किती पडेल, हे ते पाहतात. दिवसभराच्या एकूण पावसापेक्षा त्या पंधरा मिनिटांना इथे जास्त महत्त्व असतं.

आपल्या डोंगरांचं काय?

कोल्हापूरच्या मोठ्या दरडी वणव्याच्या नव्हेत, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. जुलै २०२१ मध्ये पन्हाळगडाचा रस्ता खचला, त्याच आठवड्यात कोकणात महाडजवळच्या तळीयेत ८० हून अधिक माणसं दरडीखाली गेली. दोन्हीमागे मुसळधार पाऊस होता. पाणी मुरत मुरत आतली माती जड आणि सैल होते आणि उतार सुटतो. माँटेसिटोत पाणी न मुरल्यामुळे अनर्थ झाला, इथे अति मुरल्यामुळे.

शिवाय आपला वणवा बहुतेक गवताचा. तो झरकन पुढे सरकतो, माती फार खोलवर तापत नाही. तरीही त्याला निरुपद्रवी म्हणणं मला पटत नाही. कारण एप्रिल-मे महिन्यांत येणारा वळीव. थोडा वेळ, पण जोराचा पाऊस, आणि तोही नेमका काळ्या पडलेल्या उतारावर! संततधार सुरू होण्याआधीच डोंगराची वरची माती ओढ्यात गेलेली असते.

मुळांचा हिशेब

तीव्र वणव्यात मेलेल्या झाडांची मुळं काही वर्षांत कुजतात. मातीची पकड सुटते आणि आगीनंतर कित्येक वर्षांनी उतार घसरू शकतो. आपल्याकडे गवताचे ठोंब पुन्हा फुटतात, पण उतारावर रुजलेली झाडांची रोपं दर उन्हाळ्यात होरपळतात. म्हणजे तीव्र वणव्यात असलेली मुळं जातात, आपल्याकडे खोल मुळं तयारच होत नाहीत. जाळल्याने पुढचं गवत चांगलं येतं, या समजुतीची किंमत डोंगर अशी मोजतो.

काय करता येईल?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना वन खात्याला पाठवते. त्याच नोंदींवरून वस्तीच्या, घाटरस्त्याच्या वरचे जळालेले उतार मे महिन्यातच पायी तपासावेत. तिथे भेगा आहेत का, ओघळी खोल झाल्यात का, मोरीत राडारोडा अडकला आहे का, हे पाहावं. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून ठेवलेले मोकळे पट्टे, हिवाळा संपण्याआधी काढाव्यात.

आणि गावकऱ्यांनो, डोंगरावर धूर दिसला तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. आपल्या बांधावरचं गवत पेटवण्याआधी वरच्या उताराकडे एकदा पाहा.